कोंबडीच्या हिशोबात बाई कुठे आहे?

(जिंतूर येथे बचत गटांच्या महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय 'घरच्या घरी कुक्कुटपालन' असा आहे. माझ्या आधी डॉक्टरसाहेबांनी जाती सांगितल्या, खाद्य सांगितलं, लसी सांगितल्या. त्यात मी भर घालण्यासारखं काही नाही. मी कोंबड्यांची जाणकार नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन गेली काही वर्षं या तालुक्यातल्या गावांत आणि तांड्यांवर तुमच्याबरोबर काम करते आहे. तेव्हा मी कोंबडीबद्दल कमी आणि कोंबडी पाळणाऱ्या बाईबद्दल जास्त बोलणार आहे. मांसासाठी घरी कोंबडी वाढवायची तर खर्च किती येतो, तो कोण सोसतं, आणि हाती आलेला पैसा कोणाच्या हाती राहतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. आपल्याकडे जमीन पुरुषाच्या नावावर, घर पुरुषाच्या नावावर, बैलजोडी पुरुषाची. म्हैस दूध देते तेव्हा बाईची आणि विकायची वेळ आली की पुरुषाची. या सगळ्यात कोंबडी तेवढी बाईची. तिला सातबारा लागत नाही. ज्या बाईला नवऱ्यानं टाकलंय, जिला जमिनीचा तुकडा नाही, तीसुद्धा चार कोंबड्या पाळू शकते. पोरीच्या वह्या, दवाखान्याचे शंभर रुपये, माहेरी जायचं एसटीचं भाडं, हे किती घरांत कोंबडीतून निघतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. घरात सासरा माळकरी असला तर कोंबडी दारात येऊ देत नाहीत. तरी मागच्या गल्लीतल्या जावेकडे दोन कोंबड्या 'ठेवायला' दिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. तो पैसा कोणाला विचारून खर्च करावा लागत नाही, म्हणून त्याची किंमत त्याच्या आकड्यापेक्षा मोठी आहे.

म्हणूनच 'कोंबड्या वाढवा' असं कोणी सांगितलं की मला आनंदही होतो आणि धास्तीही वाटते. आनंद का, ते सांगितलं. धास्ती का, ते आता सांगते.

सरकारची एक योजना आहे. एका लाभार्थ्याला १०० एकदिवसीय पिल्लं, निम्मं अनुदान. ज्या तक्त्यावर ती वर्षानुवर्षं चालली, तो मी तुम्हाला वाचून दाखवते. पिल्लांची किंमत २,००० रुपये. खाद्य १२,४०० रुपये. वाहतूक १५०. औषधं १५०. रात्रीचा निवारा १,०००. खाद्याची आणि पाण्याची भांडी ३००. एकूण १६,००० रुपये, त्यातले ८,००० अनुदान.

हा तक्ता नीट ऐकलात का? पिल्लू आहे, भांडं आहे, पिल्लू ज्या टेम्पोतून आलं त्याचं भाडंसुद्धा आहे. पिल्लं वाढवणारी बाई कुठे आहे? ती या तक्त्यात नाही. तिचा एक रुपयाही धरलेला नाही.

दुसरं, खाद्याचा आकडा पाहा. १०० पक्ष्यांना ८०० किलो खाद्य धरलं आहे, म्हणजे किलोला साडेपंधरा रुपये. आज दुकानात तयार खाद्य किलोला ४० रुपयांच्या आसपास जातं. मग जो फरक पडतो तो कोण भरणार? एक तर बचत गटाचं कर्ज, नाहीतर बाईच्या घरातली ज्वारी.

आता आपणच एक हिशोब मांडू. मागच्या महिन्यांत तीन गावांतल्या बैठकांत आम्ही तो फळ्यावर मांडला होता. आकडे मी ढोबळ घेते. तुम्ही घरी गेल्यावर आपापल्या गावचे भाव घालून तो पुन्हा करा.

समजा, एका बाईनं गिरिराज किंवा कावेरीसारख्या सुधारित जातीची १०० पिल्लं आणली. बारा आठवडे बंदिस्त वाढवून मांसासाठी विकायची आहेत. ३५ रुपयांप्रमाणे पिल्लांचे ३,५०० झाले. बारा आठवड्यांत सगळी मिळून ४०० किलोच्या आसपास खाद्य खातील, त्याचे १६,०००. लस आणि औषधं ५००. खाली अंथरायचा भुसा, वीज, ने-आण मिळून १,२००. एकूण २१,२०० रुपये. शेड जुनंच आहे असं धरू, कर्जाचं व्याजही सोडून देऊ.

आता उत्पन्न. शंभरातली दहा मरतात असं धरा, आणि नीट काळजी घेतली तरच दहा. आठ घरात कापली जातात किंवा पाहुण्या-रावळ्यांना जातात. ती द्यावीच लागतात, नाही म्हणायची सोय नाही. उरली ८२. प्रत्येकी १ किलो ४०० ग्रॅम धरलं तर ११५ किलो वजन. जिवंत कोंबडीला किलोला २२० रुपये भाव मिळाला तर २५,३०० रुपये आले. खर्च वजा जाता ४,१०० रुपये उरले. इथपर्यंत सगळे खूश. साहेब म्हणतात, बघा बाई, घरबसल्या चार हजार सुटले.

हा 'घरबसल्या' शब्द मला नेहमी खटकतो. ती बाई बसली कधी? पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना ऊब लागते. बल्ब लावून ठेवायचा, आणि रात्री वीज गेली की उठून शेगडीत निखारे करायचे. थंडीनं पिल्लं एकावर एक चढतात आणि खालची चेंगरून मरतात, म्हणून हातानं पांगवायची. रोज पाण्याची भांडी घासायची. भुसा ओला झाला की हलवायचा, बदलायचा. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा गोणपाट भिजवून बाजूनं लावायचं. १०० मोठ्या कोंबड्यांना त्या दिवसांत रोज दोन-तीन घागरी पाणी लागतं. ते पाणी कोणाच्या डोक्यावरून येतं, ते सांगायला नको. मेलेलं पाखरू लांब नेऊन पुरायचं, मुंगसाची नि मांजराची राखण करायची.

रोजचे दोन तास धरले तर ८४ दिवसांचे १६८ तास होतात. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तासांनी भागलं तर तासाला ३९ रुपये. म्हणजे १६८ तासांचे ६,५५२ रुपये. सुटले किती होते? ४,१००. म्हणजे ज्याला आपण नफा म्हणत होतो, तो तिच्या मजुरीतला तुकडा निघाला. तासाला २४ रुपये पडले, आणि तोट्याचा धोका सगळा तिचा. दहाऐवजी तीस पिल्लं मेली, तर मजुरी राहू द्या, मुद्दलालाही हात लागतो.

एका बैठकीत फळ्यावर हा हिशोब पुरा झाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "म्हंजी कोंबडी मला पाळती का मी कोंबडीला, त्येच कळंना." आम्ही सगळ्या हसलो, पण हिशोबाचं सार त्याच बाईनं सांगितलं होतं.

आता दुसरा हिशोब करू, चार कोंबड्या आणि एका कोंबड्याचा, आपल्या पद्धतीचा. गावरान कोंबडी वर्षातून तीन-चारदा अंड्यावर येते. त्यातून दोन वेळा खुडुक कोंबडी बसवली, दर वेळी बारा अंडी ठेवली, तर नऊ-दहा पिल्लं निघतात. घार, मांजर आणि रोग यांतून निम्मी वाचली असं धरू. वर्षाला चाळीस पक्षी झाले. त्यातले दहा घरात खाल्ले किंवा ठेवले आणि तीस विकले. गावरान पक्षी वाढायला पाच-सहा महिने लागतात, पण त्याला गिऱ्हाईक दारात येतं. एकाला ४५० धरले तर १३,५०० रुपये. खर्च काय? उकिरड्यावरचे किडे, धान्य निवडताना उरलेलं मातेरं, शिळं अन्न, आणि वर रोज पाव-दीड पाव ज्वारी. वर्षाला ११० किलो ज्वारी धरली तर ३,३००, लसीचे ३००. सुटले ९,९००. रोजचा अर्धा तास धरला तर तिची मजुरी ७,१०० च्या आसपास होते. ती वजा केली तरी पावणेतीन हजारांच्या आसपास वर उरतात. तासाला ५४ रुपये पडतात आणि डोक्यावर कर्ज नाही.

मग कोणी म्हणेल, चाराच्या चाळीस करा, उत्पन्न दहापट. तसं होत नाही. परसाची एक मर्यादा असते. घरामागच्या जागेत जेवढे किडे आणि जेवढं मातेरं, तेवढ्याच कोंबड्या फुकट चरतात. पुढच्या प्रत्येक कोंबडीला दुकानातलं खाद्य घालावं लागतं, आणि तिथून हिशोब पहिल्यासारखा होऊ लागतो. सहा आठवड्यांत साडेतीन-चार किलो खाद्य खाऊन दोन किलोची होणारी ब्रॉयलर कोंबडी कंपन्या हजारोंनी वाढवतात. तिच्या भावाशी आपण घरच्या शेडमध्ये स्पर्धा करू शकत नाही. चढाओढ करायची तर गावरान म्हणूनच विकायची.

हा हिशोब मांडला की काही भाऊ म्हणतात, "ताई, असे घरच्या माणसांचे श्रम धरायला लागलं तर कोणताच धंदा परवडायचा नाही." हे बोलणारे बहुतेक शेतकरीच असतात. त्यांना मी विचारते, सोयाबीनच्या भावासाठी तुम्ही रस्त्यावर बसता, तेव्हा घामाचे दाम मागताच ना? हमीभावासाठी उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरतात. ती पूर्ण धरा, जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याजही धरा, हे शेतकरी आंदोलनाचं म्हणणं जुनं आहे आणि रास्त आहे. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं १९८६ साली चांदवडला अधिवेशन झालं, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली आणि अनेक घरांत जमीन बाईच्या नावावर झाली. म्हणजे बाईचा घाम हिशोबात धरायचा ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. ती शेताच्या बांधापर्यंत आली आणि खुराड्याशी अडली, एवढंच.

देशातल्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत आढळलं, की बिनपगारी घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं. दोनशे एकोणनव्वद मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. त्यात हे दोन तास कुठून घालायचे? झोपेतून. किंवा शाळेतल्या पोरीच्या वेळेतून. शंभर पिल्लं आणली त्या घरांत पहिल्या महिन्यात पोरीच्या शाळेचे खाडे वाढले का, हे प्रत्येक गटानं एकदा बघावं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. श्रम झाकून ठेवले म्हणून ते नाहीसे होत नाहीत, कोणाच्या तरी अंगावर पडतात.

आता पैशाचं बोलू. चार कोंबड्या असतात तेव्हा विकते बाई. दारात गिऱ्हाईक येतं, ती भाव सांगते, नोटा कमरेच्या पिशवीत जातात. शंभर झाल्या की व्यापारी मोटारसायकल घेऊन येतो. तो बाईशी बोलत नाही, 'मालक कुठाय' म्हणतो. वजन मालकासमोर, पैसे मालकाच्या हातात. कर्ज मात्र गटाच्या वहीत तिच्या नावावर. हप्त्याच्या दिवशी ती शेजारणीकडून उसने घेते. मी हे एका नाही, अनेक घरांत पाहिलं आहे. एका बाईच्या कोंबड्या मानमोडीनं दोन दिवसांत गेल्या. नवऱ्यानं तिला मारलं, 'तुझ्या हलगर्जीपणानं माझं नुकसान झालं' म्हणून. विकल्या असत्या तर पैसा त्याचा, मेल्या तर चूक तिची. ज्या वस्तूवर तिचा हक्क नव्हता, तिच्या मरणाची जबाबदारी मात्र पुरती तिच्यावर आली.

हे एका घरातलं झालं. सबंध गटाचं काय होतं, तेही आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्याला बचत गटाच्या कुक्कुटपालनात दोन दिवसांत आठशे-नऊशे कोंबड्या मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेनं बर्ड फ्लूचं निदान केलं. मग एक किलोमीटरच्या परिसरातल्या कोंबड्या नष्ट करायचा आणि दहा किलोमीटरपर्यंत विक्री थांबवायचा आदेश निघाला. रोग पसरू नये म्हणून ते करणं भागच होतं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण भरपाईचा नियम काय? सरकार ज्या कोंबड्या नष्ट करतं त्यांची भरपाई मिळते. रोगानं आधीच मेल्या, त्यांची मिळत नाही. दर तेव्हा अंड्यावरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये, मांसाच्या मोठ्या कोंबडीला ७०, लहान पिल्लाला २०. बाजारात चारशेला जाणारी गावरान कोंबडी ९० रुपयांत गेली, तर कर्ज फिटणार कसं? आणि ज्या गावांत एकही कोंबडी मेली नव्हती तिथंही गिऱ्हाईक तुटलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंबडी खाऊन करोना होतो या अफवेनं राज्यभर भाव असाच कोसळला होता. कोंबडीचा धंदा असा आहे, की दूरच्या अफवेनंसुद्धा आपल्या चुलीपर्यंत झळ येते. हा धोका कर्ज देणाऱ्यानं वाटून घ्यायला हवा. आज तो सगळा बाईच्या पदरात आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण बोलायला लाजतो. कोंबडी खातं कोण? पाळते ती, पाणी घालते ती, पिसं काढते ती, मसाला वाटते ती. तंगड्या नवऱ्याच्या नि पोराच्या ताटात, कलेजी सासऱ्याला, जावई आला तर सगळंच जावयाला. हिच्या वाट्याला रस्सा आणि मान. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, अशी म्हण आहे. इथं शेळीच्या जागी कोंबडीही आहे आणि बाईही आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. दारात कोंबडी असून बाळंतीण भाकरी-चटणी खाते, आणि कोंबडी विकून आलेल्या पैशातून तिच्यासाठी रक्तवाढीच्या गोळ्या आणतात. मी विकू नका म्हणत नाही. पण वर्षाच्या हिशोबात 'पोरीनं आणि मी खाल्लेल्या' कोंबड्यांचा वेगळा रकाना असू द्या.

मग करायचं काय? कोंबड्या सोडून द्यायच्या? अजिबात नाही. मी पाच गोष्टी सुचवते. तुमच्या गटांत त्यावर भांडा, बदल करा.

पहिली, कर्जाचा अर्ज भरण्याआधी हिशोब मांडा आणि त्यात आपली मजुरी धरा. गटाच्या वहीत एक रकाना वाढवा, 'माझे तास'. बँकेच्या माणसानं विचारलं हे कशाला, तर सांगा, टेम्पोचं भाडं धरता तसं हे.

दुसरी, एकदम शंभरावर उडी मारू नका. परस जेवढ्या पोसतं तेवढ्या आधी नीट वाचवा. त्याच योजनेत २५ तलंगा आणि ३ नर असा छोटा गटही असे, त्याची चौकशी करा. आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांना दिव्याची ऊब लागत नाही, रात्रीचं उठणं वाचतं.

तिसरी, लस सगळ्या वस्तीनं एका दिवशी टोचायची. मानमोडीची लस थंड ठेवावी लागते, आणि पाण्यात मिसळली की थोड्या वेळात संपवावी लागते. एका बाटलीत शंभर कोंबड्यांपुरती लस असते. पाच कोंबड्यांवाली एकटी बाई ती आणणार नाही, पण वीस घरं मिळून आणली तर एका घराला नाममात्र खर्च येतो. ज्या पशुसखीकडून हे काम करून घ्याल, तिला ठरलेले पैसे द्या. तीही आपल्यातलीच बाई आहे. तिचं कामही फुकट धरायचं नाही.

चौथी, विक्री बाईच्या हातात. दोन-तीन गटांनी मिळून वजनकाटा घ्यावा, एकाच दिवशी वस्तीवर सौदा करावा, पैसे बाईच्या खात्यावर किंवा बाईच्या हातात. व्यापाऱ्याला 'मालक कुठाय' विचारायची सवय आहे. त्याला उत्तर द्या, मालकीण इथं आहे.

पाचवी, मागणी. ग्रामसभेत, पंचायत समितीत आपण एकत्र जाऊन मागू, की योजनेच्या तक्त्यात बाईची मजुरी धरा, खाद्याचे दर आजचे धरा, कोंबड्यांचा विमा योजनेतच द्या, आणि साथीत मेलेल्या पक्ष्यांनाही भरपाई द्या. गावरान कोंबडीची भरपाई गावरानच्या भावानं द्या. ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या बायांना सहा महिने खुराडं बंद करावं लागतं, त्यांना परत आल्यावर पिल्लं मिळतील अशी सोय करा.

आपल्याला कोणी नवीन काही देतं आहे असं नाही. बायका कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या पाळतच आल्या आहेत. नवीन आहे ते कर्ज, तक्ता आणि हप्ता. तेव्हा जुनं जे आपलं होतं, म्हणजे आपला भाव आपण सांगायचा आणि आपला पैसा आपण राखायचा, ते या नव्याच्या नादात हातचं जाऊ देऊ नका. दुपारच्या सत्रात पाच-पाच जणी बसा, खडू-पाटी दिली आहे. प्रत्येकीनं आपल्या घरच्या कोंबड्यांचा गेल्या वर्षाचा हिशोब मांडायचा आहे. लिहिता येत नसेल तिनं शेजारणीला सांगायचा. आणि पहिली ओळ खाद्याची नाही, पिल्लांची नाही, आपल्या तासांची घालायची.